चार वाजताचा बिघाड

आईच्या घरातला वायफायचा डबा पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर चहा पीत बसले होते. मला हसूच आलं. विट्यात बसस्टँडमागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. शाळांचं, दवाखान्यांचं, सूतगिरणीचं वायफाय बिघडलं की लोक रेश्मालाच फोन करतात. आणि माझ्याच माहेरी दिव्याखाली अंधार!

"आलीस का, लगेच बंद पडलं बग," आई म्हणाली.

"माझ्यामुळे बंद पडलं होय? उलट आता सुरू होईल."

झालं नाही. अकरा मिनिटं तो डबा लाल दिवा लावून ढिम्म बसला. ऑक्टोबरची चार तारीख होती. अकरा मिनिटांत काय बिघडतं असं कुणी म्हणेल, पण आमचं बरंच बिघडणार होतं.

आई म्हणजे विमल तारळेकर, वय पंचाहत्तर. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होती, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. वडील गेल्यापासून एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. त्यानंतर माझा धाकटा भाऊ अमर हट्टाला पेटला. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. अमर कोइमतूरला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: आई, तू माझ्याकडे ये. आईचं म्हणणं त्याहून सरळ होतं: "तितं मी भांडू कुणासंगं? माजं बोलणंच कुणाला कळायचं न्हाई."

मग मधला मार्ग म्हणून 'सोबत' योजनेतला तो डबा आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही योजना होती. डब्यानं घरावर लक्ष ठेवायचं आणि दर मिनिटाला जिल्ह्याच्या केंद्राला 'सगळं ठीक' असं कळवायचं. एका महिन्यात तीनदा दहा मिनिटांहून जास्त काळ हा निरोप तुटला, तर ते घर एकटं राहायला सुरक्षित नाही असा दाखला जबाबदार नातेवाइकाला जायचा. जबाबदार नातेवाईक म्हणजे अमर. दाखला आला की आई कोइमतूरला जाणार, असं तिनं स्वतःच त्याला कबूल केलेलं होतं.

आता या डब्याबद्दल थोडं सांगायला हवं. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच्या लहरी. त्या भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, माणसावरही आपटतात आणि परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती काही मिलिमीटर पुढे सरकते. हृदयाच्या ठोक्यानं ती त्याहून कमी, अर्ध्या मिलिमीटरभर हलते. परतून आलेल्या लहरीत तेवढाच बारीक फरक पडतो. पूर्वी तो फरक गोंगाट म्हणून टाकून देत. आता डब्यातली प्रणाली तो वेचून काढते आणि कोण बसलंय, कोण पडलंय, कुणाचा श्वास अडतोय ते ओळखते. कॅमेरा नाही, अंगाला पट्टा नाही. पण अडचण अशी की डब्याला रेडिओ एकच. त्यानंच बोलायचं आणि त्यानंच ऐकायचं. त्यामुळे तो क्षणभर बोलतो, क्षणभर ऐकतो, आणि या अदलाबदलीत आपल्याला काही जाणवत नाही.

हे सगळं चालतं लिनक्सवर, म्हणून मी निर्धास्त होते. लिनक्सचं बॉनेट उघडता येतं. आत काय चाललंय ते वाचता येतं. दुरुस्ती करणाऱ्याला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवसापासून मी दुकान दुपारी साडेतीनला मिटून आईकडे जाऊ लागले. तशी रोज जायचेच, पण आता लॅपटॉप घेऊन. आईचं घर चढावर आहे, ऊन ऑक्टोबरचं. पोचेपर्यंत माझी दमछाक व्हायची आणि पाच मिनिटं पायरीवर टेकावं लागायचं. मग आई चहा टाकायची, शेजारच्या बेबीताई यायच्या आणि डब्याचा दिवा लाल व्हायचा. कधी दोन मिनिटं, कधी पाच. कधी अजिबात नाही. रोज बिघडला असता तर मी त्याला पकडलं असतं. हा आपला मनात येईल तेव्हा बिघडायचा.

मी आधी विजेवर संशय घेतला. अडॅप्टर कमी दाबाचा निघाला, म्हणून बदलला. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी लाल. मग बघितलं तर एकाच रेडिओवर दोन प्रोग्रॅम हुकूम चालवत होते. एका म्यानात दोन तलवारी! त्यातला एक काढून टाकला. लाल. वीज वाचवायला रेडिओ मध्येच डुलकी घेतो, ती सोय बंद केली. लाल. डब्यात देश चुकीचा भरलेला होता, त्यामुळे तो भलत्याच चॅनेलवर बसून, रडारची चाहूल लागली की गप्प व्हायचा. वाटलं, सापडला चोर! देश बदलला, चॅनेल बदललं, आईला म्हटलं आता बघ.

सतरा तारखेला तो बारा मिनिटं बंद होता.

त्याच संध्याकाळी अमरचा फोन आला. "ताई, दोन झाले."

"माहीत आहे मला."

"मी तुला बोल लावत नाही. पण ती पुन्हा पडली आणि त्याच वेळी हे बंद असलं तर? तू रोज जातेस खरी, पण तासभरच ना?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. मी म्हटलं, महिना संपेपर्यंत थांब.

गोंधळ असा होता की मी नसताना डबा गुणी बाळासारखा वागायचा. दुकानातून मी लांबून त्याच्यावर नजर ठेवायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एक निरोप चुकायचा नाही. आमच्या धंद्यात नेहमी उलटं असतं. गिऱ्हाईक बोंब मारतं आणि आपण गेलो की यंत्र सुरळीत चालतं. इथं मी आले की दुखणं यायचं.

"तुजा पायगुण," आई म्हणाली.

"चहाच्या शेगडीचा गुण असेल," मी म्हटलं. इंडक्शनच्या शेगडीनं वायफायला त्रास होऊ शकतो. मग आठवडाभर चहा गॅसवर झाला. फ्रीज बंद करून पाहिला. पाण्याची टाकी रिकामी करून पाहिली, कारण पाणी लहरी पिऊन टाकतं. आई हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"गाडी बंद पडली की डायवर बॉनेट उघडून असंच करायचा," ती म्हणाली. "समदं हुडकायचा. आन् डिझेल संपल्यालं असायचं."

शेवटी मी लॉग वाचायला बसले. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. काय केलं ते तारीखवार लिहिलेलं. योजनेतल्या कुणा विद्वानानं तो मराठीत केला होता, सरकारी मराठीत. बंद पडायच्या वेळी दरवेळी त्याच ओळी होत्या: 'अनोंदणीकृत देह-२. अग्रक्रम. नव्वद सेकंद पूर्ण. नोंद नष्ट.' पुन्हा 'अनोंदणीकृत देह-२. अग्रक्रम.' अशा ओळी दहा मिनिटं सलग.

ते मला उलगडायला दोन दिवस लागले. कायदा असा आहे की ज्याचं नाव घरच्या यादीत नाही त्याच्या शरीराचं डब्यानं ऐकायचं नाही. पण अनोळखी माणूस पडला तर? म्हणून नव्वद सेकंदांची सवलत आहे. तेवढ्यात ऐकायचं आणि सगळं पुसायचं. आता या देह-२ मध्ये डब्याला काहीतरी गंभीर ऐकू येत होतं. इतकं गंभीर की बोलणं सोडून तो सगळा रेडिओ ऐकण्याला लावत होता, म्हणूनच निरोप तुटत होता. खात्री करायला त्याला तीन मिनिटं हवी होती. कायदा नव्वद सेकंदांत पाटी पुसायचा. पुसलं की पुन्हा तेच ऐकू यायचं आणि पुन्हा सुरुवात.

म्हणजे डबा बिघडलाच नव्हता. कुणीतरी माणूस बिघडलेलं होतं.

"बेबीताई," मी म्हटलं. चार वाजता तिसरं माणूस तेच. वय सत्तर, वजन भरपूर, जिना चढताना धाप. यादीत नाव आहे का ते बघायला हवं होतं, पण यादी उघडायला घरमालकाचा अंगठा लागतो आणि आई अंगठा म्हटलं की पेटते.

"मी सही करणारी बाई हाय. अट्ठावीस वर्सं तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलावर सही केली. डबा बशीवला तवा त्या पोऱ्यानं एकदा अंगठा घेतला, तितंच माजं डोस्कं फिरल्यालं. आता न्हाई."

मी नाद सोडला. बेबीताईंना गोड बोलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, पायऱ्या चढायला लावल्या. काही नाही. हृदय पोरीबाळींचं असावं तसं.

"रेश्माताई, आल्यासारखा तुमचाही काढू का?" डॉक्टर म्हणाले.

"माझं दुकान उघडं आहे हो," मी म्हटलं आणि निघाले. बेबीताई वाटेत भेटेल त्याला आपलं हृदय सांगत होत्या. मला मात्र काहीच कळेनासं झालं. बेबीताई ठणठणीत आहेत, तर डबा कुणाचं ऐकतोय? की डबाच खोटं बोलतोय? मग आई कोइमतूरला जाणार ती एका खोटारड्या डब्यापायी?

अठ्ठावीस तारखेला बेबीताई सांगलीला लेकीकडे गेल्या होत्या. मी चढ चढून आले, पायरीवर टेकले, आत गेले. चार वाजून बारा मिनिटांनी दिवा लाल झाला.

मी केबल लावून लॉग उघडला. 'अनोंदणीकृत देह-२. अग्रक्रम.'

"आई, अजून कोण आहे घरात?"

"कोन असणार?"

आम्ही दोघींनी खोली बघितली. मी दिवाणाखाली वाकून पाहिलं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून भिंतीला धरलं.

"मांजर असंल."

"मांजराला तो प्राणी म्हणतो. हे माणूस आहे." मी लॉगवर बोट ठेवलं. "आई, सहा मिनिटं राहिली. तिसरं तुटणं झालं की अमर गाडी घेऊन येईल. दे अंगठा, यादी बघू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसला आणि अंगठा टेकवला.

यादी उघडली. रहिवासी: विमल तारळेकर. पाहुणे: बेबीताई, दूधवाला, अमर. बस.

"माझं नाव कुठंय?"

आई चिडूनच म्हणाली, "त्यो पोऱ्या इचारत हुता, घरात ऱ्हाणारी कोन आन् पाव्हणं कोन. आता तू कशात बसतीस? लगीन करून दिल्याली लेक, घरातली लिहिली तर तुज्या सासरची काय म्हणत्याल? आन् पाव्हणी लिहू व्हय तुला? माज्या हातानं? अमर वर्साला एकडाव येतो, त्याला लिवला पाव्हणा. तुला न्हाई लिवू वाटलं. गाडीतली मानसं मोजताना कंडक्टर सवताला मोजतो का? तसं झालं."

मी त्या ओळीकडे बघत राहिले. देह-२ पंचवीस दिवस चहाचा कप घेऊन डब्यासमोर बसलेला होता आणि देह-२ला शोधत होता. चढ, धाप, पायरीवर टेकणं, अंधारी, सगळं मी उन्हाच्या आणि वयाच्या नावावर टाकलं होतं. भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटला तो सुटकेचा आनंद, कारण बिघाड सापडला होता. दुरुस्ती करणाऱ्यांची ही जातच अशी.

"सोपं आहे," मी म्हटलं. "मला पाहुण्यांत टाकते. पाहुण्यांचं तो नुसतं डोकं मोजतो, आतलं ऐकत नाही. आत्ताच्या आत्ता सुरू होईल. चार मिनिटं आहेत अजून. दे अंगठा."

"मंग तुज्यात काय हाय ते त्यो सांगंल?"

"नाही. ऐकणारच नाही तर सांगेल कसा?"

"आन् घरातली लिवली तर?"

"तर ऐकेल. तीन मिनिटांत सांगेल. पण मग घरात दोघी राहतात असं होईल. तू एकटी नाहीस, म्हणजे योजना बंद. केंद्र पुन्हा दार उघडत नाही, एकदा बंद म्हणजे बंद. मी काही इथं राहायला येणार नाही, हे अमरला माहीत आहे. तो तुला घेऊन जाईल. आई, वेळ घालवू नको, मी उद्या दवाखान्यात दाखवते."

मी पडद्यावर 'पाहुणे'वर खूण केली आणि डबा तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. वाचलं. मग बोटानं माझी खूण सरकवून 'रहिवासी'वर नेली आणि अंगठा दाबला. कागदावर शिक्का मारावा तसा, जोर देऊन.

"आई! काय केलंस हे?"

"गप बस. त्याला ऐकू दे."

दिवा आणखी तीन मिनिटं लाल राहणार होता. आम्ही दोघी दिवाणावर बसलो. तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, जणू मी उठून पळणार होते. खरंच पळाले असते. त्या तीन मिनिटांत मी मनातल्या मनात अमरला समजावत होते, केंद्राला अर्ज लिहीत होते, आईवर चिडत होते. हृदयाचा विचार अजून आलाच नव्हता.

मग डबा बोलला. तसाच, सरकारी मराठीत. "रहिवासी रेश्मा. हृदयाच्या ठोक्यांत खंड. सर्वांत मोठा खंड चार पूर्णांक दोन दशांश सेकंद. विनाविलंब रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेस कळविले आहे."

आईनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"दवाखान्यात जाऊनही हेच कळलं असतं की," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "तुझं घर घालवलंस उगाच."

"गेली असतीस?"

उद्याचं परवा झालं असतं, परवाचं महिनाअखेर. ती माझी आई आहे. तिला ते ठाऊक होतं.

मिरजेला डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची ठोक्यांची घंटा दमली होती. मध्येच विसरायची, मग पुन्हा आठवायची. घडीभराचा आलेख काढला असता तर तेवढ्यात ते सापडलं असतं किंवा नसतंही. एखाद्या दिवशी चढावर ते आठवायचं राहिलंच असतं. माझ्या छातीत पेसमेकर बसवला. नवरा कामाची पाळी सोडून तीन दिवस उशाशी बसून होता आणि आई दाराशी. 'घरात आता दोन रहिवासी असल्याने' योजना बंद झाल्याचं पत्र चौथ्या दिवशी आलं. मी अर्ज केला, हातापाया पडले. नियम म्हणजे नियम.

अमर आला तेव्हा मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होते. तो माझ्याजवळ बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. त्याच्याशी कसं भांडणार? आईनंच त्याला म्हटलं, "चल रं. बोलल्यापरमाणं येतो मी." एक ट्रंक, एक पिशवी. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ती उतरली असती. गाडी वळणावर गेली आणि मी भर रस्त्यात मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं, ऑपरेशनचं दुखतंय.

निघताना अमर म्हणाला होता, ताई, तो डबा आता काढून टाक. मी काढायलाच गेले होते. केंद्राला निरोप जाणं थांबलं होतं, पण डबा आमच्याच मालकीचा आणि चालू होता. पडद्यावर दोन रहिवासी दिसत होते. त्यांतली एक 'बाहेरगावी'. आणि मला तेव्हा दिसलं की रहिवाशाची खबर घरमालकाच्या फोनवर जाते, तो कुठंही असला तरी.

मी यादी पुसायला हात उचलला तोच फोन वाजला.

"आलीस का?" कोइमतूरहून आई विचारत होती. मागे कुणीतरी तमिळमध्ये बोलत होतं.

"हो. तुला कसं कळलं?"

"दिसतंय की हितं. मिन्टाला एकाहत्तर पडत्यात. चढ चढून आलीस न्हवं? जरा बस."

मी डबा काढला नाही. आता तो कधीच बंद पडत नाही. महिनोन् महिने दिवा हिरवा आहे. दुकान साडेतीनला मिटून मी रोज चढ चढते. आईनं सांभाळायला दिलेल्या घरात बसायचं, एवढंच काम. मुलांनी आईवर लक्ष ठेवावं म्हणून ते यंत्र आणलं होतं. आता आठशे किलोमीटरवरून आई माझे ठोके मोजते. कधी गिऱ्हाईक अडवून धरतं आणि पाच मिनिटं उशीर होतो. मग चढाच्या निम्म्यावरच फोन वाजतो.

"कुटं हाईस? दिसंनास मला."

"आले, आले," मी म्हणते. कुलूप काढते, चपला काढते आणि ती मोजून होईपर्यंत गप्प बसते.